फोरॅमचं कवच: पोर्सलेन की काच? ओळख, जपणूक आणि नेहमी होणारे घोटाळे

गाळसाळ (धागाकर्ता)

तारावाळू, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या कणांची वाळू; ते कण म्हणजे फोरॅम या समुद्री जीवांची कवचं. तिच्या धाग्यावर निम्म्या प्रतिसादांत त्या कणांना 'बारीक शंख' म्हटलं गेलं, म्हणून हा वेगळा धागा. तसं म्हणणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. आल्सीद दॉर्बिन्यीने १८२६ मध्ये या गटाला फोरामिनिफेरा हे नाव दिलं, तेव्हा त्यालाही हे नॉटिलसचे (कप्प्यांच्या शंखात राहणारा समुद्री प्राणी) चिमुकले भाऊबंदच वाटले होते. कप्प्याकप्प्यांचं वेटोळं कवच बघितल्यावर दुसरं काय वाटणार! १८३५ मध्ये फेलिक्स द्युजार्दँने जिवंत नमुने पाहून दाखवलं की आत ना डोकं, ना आतडं, नुसतं जीवद्रव्य. अख्खा प्राणी (खरं तर प्राणीही नव्हे) म्हणजे एकच पेशी.

एक पेशी म्हणून ती डोळ्यांना दिसणार नाही असं मात्र समजू नका. बॅक्युलोजिप्सिना, म्हणजे ओकिनावाकडची ती चांदणीसारखी वाळू, १-२ मिमी भरते. मार्जिनोपोराची चकती २ सेंमीपर्यंत जाते. जरा खोल पाण्यातला सायक्लोक्लिपियस १० सेंमीच्याही पुढे जातो.

आता मुद्दा. उथळ, उष्ण समुद्रातला फोरॅम हातात आला की लोक आधी आकार बघतात: चकती, भिंग, चांदणी. माझं म्हणणं, आधी भिंत बघा. भिंत कोणत्या पद्धतीने बांधली आहे ते कळलं की आत कोणतं शैवाल असण्याची शक्यता आहे, नमुना कशात ठेवायचा, आधी कोण विरघळणार, रंग चढल्यावर तो दिसेल की नाही, हे सगळं पाठोपाठ उलगडतं.

वाळूचे कण चिकटवून केलेली कवचं बाजूला ठेवू; प्रवाळ खडकांवर ती असतात, पण इथे खरा मामला कॅल्साइटच्या दोन पद्धतींचा आहे.

*पोर्सलेनी*: कोरडं असताना दुधी पांढरं, चिनीमातीच्या कपासारखं तुळतुळीत. भिंतीत आरपार छिद्रं नाहीत. कॅल्साइटच्या अतिसूक्ष्म सुया वाट्टेल त्या दिशांना पसरलेल्या असतात, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि भिंत अपारदर्शक दिसते. पेनेरॉप्लिस, सोराइटिस, मार्जिनोपोरा, आर्काएस, अल्व्हिओलिनेला हे या घरातले.

*काचेरी*: भिंत अर्धपारदर्शक आणि सूक्ष्म छिद्रांनी भरलेली. अँफिस्टेजिना, हेटेरोस्टेजिना, ऑपर्क्युलिना, कॅल्करिना, बॅक्युलोजिप्सिना.

ओल्या ब्रशने कवच भिजवून दहापट भिंगाखाली धरा. काचेरी असेल तर आतले कप्पे लगेच दिसू लागतात. पोर्सलेनी थोडंफार उजळतं, पण दुधीपणा जात नाही. ही चाचणी जिवंत, मेलेल्या, दोन्ही नमुन्यांवर चालते. फक्त लाटांनी घासलेलं जुनं काचेरी कवचही पांढुरकं होतं, तिथे फसायला होतं. अशा वेळी ताजा मोडलेला काठ बघावा.

---

जाळंपाय

चांगला धागा. कप्पा बांधताना काय दिसतं ते लिहितो, कारण 'कवच वाढतं' असं म्हटलं की लोकांना नखासारखं हळूहळू वाढणारं काहीतरी वाटतं. ते तसं नाही. वाढ टप्प्याटप्प्याने होते, एका वेळी एक कप्पा.

काचेरी गटात: आधी खाणं थांबतं. पेशी आपल्या जाळीदार पायांनी (एकमेकांत मिसळणारे, दोऱ्यासारखे छद्मपाद) आजूबाजूचा कचरा गोळा करून तोंडाभोवती एक आडोसा उभा करते. हा आडोसा पाहून नवखे लोक नमुना घाण झाला म्हणून ब्रशने साफ करतात आणि बांधकाम मोडतात. आडोशाच्या आत छद्मपाद पंख्यासारखे पसरतात आणि होऊ घातलेल्या कप्प्याचा आकार धरतात. मग त्या आकारावर सेंद्रिय पदार्थाचं पातळ पटल तयार होतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना कॅल्साइट बसू लागतं. पाव बांधायला गवंड्याने लाकडी साचा लावावा तसं म्हणता येईल, फरक इतकाच की हा साचा भिंतीतच राहून जातो. हे सगळं काही तासांत उरकतं.

आणखी एक गोष्ट: नवा कप्पा बांधताना कॅल्साइटचा एक थर जुन्या कप्प्यांवरूनही फिरवला जातो. म्हणून काचेरी कवच आडवं कापलं तर सर्वांत जुन्या कप्प्यांची भिंत सर्वांत जाड दिसते, तीही पापुद्र्यांची. रासायनिक पृथक्करण करणाऱ्यांनी हे विसरू नये. 'पहिल्या कप्प्याचा नमुना' म्हणून जे खरवडलं जातं, त्यात आयुष्यभराचे थर आलेले असतात.

पोर्सलेनी गटात ही पापुद्र्यांची पद्धत नाही. सुया पेशीच्या आत पिशव्यांमध्ये आधीच घडतात आणि बाहेर आणून रचल्या जातात, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. अलीकडच्या निरीक्षणांनंतर त्यावर शंका घेतली जाते: पिशव्यांतून येतो तो स्फटिक न झालेला कार्बोनेट, आणि सुया भिंतीत जागेवर तयार होतात, असा तो दुसरा पक्ष.

---

नवखा_नाविक

शब्दावर अडलो. 'पाव बांधायला' म्हणजे?

जाळंपाय

हात घसरला. 'कमान बांधायला' असं वाचा. संपादनाची मुदत संपली.

---

मॅग्नेशिया

रसायनाची बाजू जोडते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या पाचपट मॅग्नेशियम असतं (रेणूंच्या हिशेबात), आणि मॅग्नेशियम कॅल्साइटच्या स्फटिकाला वाढू देत नाही. म्हणजे फोरॅमसमोर दोन अडचणी: मॅग्नेशियम आवरायचं आणि कार्बोनेट वाढवायचं.

दुसरीसाठी पेशी बांधकामाच्या जागेतला पीएच ९ च्या आसपास चढवते. बाहेरचं पाणी ८.१ असतं. त्यासाठी आतले प्रोटॉन पंपाने बाहेर फेकले जातात. त्यामुळे कप्पा बांधणाऱ्या फोरॅमच्या अगदी लगतच्या पाण्याचा पीएच उलट खाली येतो. तिथे बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो आत झिरपतो आणि आतल्या अल्कधर्मी पाण्यात त्याचं पुन्हा कार्बोनेट होतं. पंपाला ऊर्जा लागते. पाण्याचा पीएच आधीच कमी असेल तर तोच पंप चढावर चालवावा लागतो.

मॅग्नेशियमच्या बाबतीत दोन्ही घराण्यांचे मार्ग वेगळे. पोर्सलेनी गट ते भरपूर आत येऊ देतो. अँफिस्टेजिना पुष्कळसं बाहेर ठेवते. पण 'काचेरी म्हणजे कमी मॅग्नेशियम' असं सूत्र करू नका. कॅल्करिना आणि बॅक्युलोजिप्सिना काचेरी असूनही त्यांचं कॅल्साइट चांगलंच मॅग्नेशियमयुक्त असतं. असं कॅल्साइट सहज विरघळतं, म्हणून आम्ल पाण्यात तारावाळूची टोकं आधी बोथट होतात आणि अँफिस्टेजिना त्या मानाने टिकून राहते.

---

उथळपाणी

शैवालांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

उष्ण समुद्रातल्या या मोठ्या फोरॅममध्ये सहजीवी शैवाल असतं, आणि कोणाच्या घरी कोण राहतं हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. काचेरी गटात करंडक, म्हणजे डायटम (सिलिकाच्या कवचाचं एकपेशी शैवाल). पोर्सलेनी गटात चौघे: पेनेरॉप्लिसमध्ये तांबडं शैवाल, आर्काएसमध्ये हिरवं, सोराइटिस आणि मार्जिनोपोरात डायनोफ्लॅजेलेट (एकपेशी जीवांचा आणखी एक गट), अल्व्हिओलिनेलात पुन्हा डायटम. त्यामुळे जिवंत नमुन्याचा रंगच बोलतो: अँफिस्टेजिना सोनेरी तपकिरी, पेनेरॉप्लिस जांभळट गुलाबी, आर्काएस हिरवट, मार्जिनोपोरा शेवाळी तपकिरी.

गंमत म्हणजे फोरॅमच्या आत गेल्यावर डायटम आपलं सिलिकाचं कवच बनवत नाहीत. त्यामुळे सूक्ष्मदर्शकात कितीही डोकं घातलं तरी जात ओळखता येत नाही. कवच फोडून शैवाल वेगळं वाढवावं लागतं. बाहेर आल्यावर ते पुन्हा सिलिका चढवतं, मग ओळख पटते. जनुकीय चाचणी हा दुसरा रस्ता.

अँफिस्टेजिनाच्या भिंतीत आतल्या बाजूला छिद्रांच्या तोंडाशी वाट्यांसारखे खळगे असतात आणि शैवालाच्या पेशी त्यांत बसतात. भिंतीतून प्रकाश, छिद्रांतून वायू. या कवचाला चिलखत म्हणण्यापेक्षा काचघर म्हणणं मला जास्त पटतं. खोलीप्रमाणे ते बदलतंही: उथळ, उजेडाच्या पाण्यात कवच जाड आणि फुगीर, खोल जाल तसं चपटं आणि पातळ. अँफिस्टेजिना लोबिफेरा वरच्या पट्ट्यात, लेसोनाय त्याखाली, पॅपिलोसा त्याहून खाली. पोर्सलेनी गटाला पारदर्शक भिंत नाही. तिथे कप्प्यांच्या बाहेरच्या भिंती जागोजाग पातळ ठेवून खिडक्या केलेल्या असतात, आणि दुधी भिंत प्रखर उजेड गाळते. म्हणून ही मंडळी भर उन्हातल्या समुद्रगवताच्या पानांवर बिनधास्त बसतात.

---

नवखा_नाविक

मेलेलं आणि जिवंत कसं ओळखायचं? रंग असला की जिवंत, एवढं पुरेसं आहे का? आणि गोळा करण्याची नीट पद्धत कोणी सांगेल का?

---

चाळणी१२५

दोन कामं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

जिवंत पाळायचे असतील तर: प्रवाळाचे मुठीएवढे तुटके दगड उचला (जिथे परवानगी आहे तिथेच), सावलीतल्या बादलीत समुद्राच्या पाण्यात मऊ दातब्रशने घासा. गढूळ पाणी मिनिटभर बसू द्या, वरचं ओता, पुन्हा पाणी घाला. असं चार-पाच वेळा. तळाचा गाळ उथळ काचेच्या ताटलीत पातळ थरात पसरा, मंद उजेडात २४ तास ठेवा. जिवंत फोरॅम गाळावर येतात, काचेच्या कडांवर चढतात. काचेला जाळीदार पाय लावून बसलेला नमुना जिवंत, याहून स्वस्त आणि खात्रीचा पुरावा नाही. नुसत्या रंगावर जाऊ नका: मेलेल्या कवचात हिरवं शैवाल शिरून वाढतं आणि आर्काएससारखा रंग देतं. एकसारखा रंग आणि शेवटचा कप्पा रिकामा, हे जिवंतपणाचं लक्षण. डागाळ रंग आणि काठांना हिरवट छटा असेल तर संशय घ्या.

मोजणी करायची असेल तर रोझ बंगाल (जीवद्रव्य गुलाबी करणारा रंग). १ लिटर ९५% इथेनॉलमध्ये २ ग्रॅम. गाळाचा वरचा १ सेंमीच घ्यायचा, खाली जाल तसे मेलेले वाढतात. नमुन्याइतकं तरी द्रावण ओता, बाटली उलटीपालटी करा, नाहीतर मध्यभागी रंग पोचत नाही. किमान १४ दिवस ठेवा. तिसऱ्या दिवशी उघडून 'काहीच जिवंत नाही' म्हणणारे दरवर्षी भेटतात. मग ६३ आणि १२५ मायक्रॉनच्या चाळण्यांतून धुवा. एकाच ठिकाणचे तीन वेगळे नमुने हवेत, एकाचे तीन भाग नव्हेत.

रोझ बंगालची खोड अशी की तो प्रथिनांना चिकटतो, जिवाला नाही. मेल्यानंतर काही आठवडे, कधी महिने जीवद्रव्य शिल्लक असतं, तेही गुलाबी होतं. म्हणून फक्त शेवटचा कप्पा सोडून बाकीचे भरगच्च, गडद गुलाबी असलेलेच मोजा. गाळसाळ म्हणाले ते इथे लागू पडतं: काचेरी कवचात गुलाबी बाहेरून दिसतो, पोर्सलेनीत कोरडेपणी अजिबात दिसत नाही. भिजवा, तरी शंका राहिली तर सुईने एक कप्पा फोडा. पोर्सलेनींची 'जिवंत' संख्या कागदावर कमी दिसते त्याचं कारण पुष्कळदा हेच.

एक जुनी युक्ती: दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लूमध्ये बुडवून काढा. जाळीत अडकलेले आधीच्या नमुन्यातले कण निळे होतात आणि पुढच्या मोजणीत ओळखून वगळता येतात.

---

नवखा_नाविक

@चाळणी१२५ 'शेवटचा कप्पा रिकामा हे जिवंतपणाचं लक्षण' हे कळलं नाही. नवा कप्पा भरलेला नको?

चाळणी१२५

ताण आला की पेशी स्वतःला मागच्या कप्प्यांत ओढून घेते, म्हणून बादली-ब्रशमधून आलेल्या नमुन्याचा शेवटचा कप्पा बहुतेक वेळा फिका असतो. शांत ताटलीत तो पुन्हा भरतो. दोन्ही चालतं, फक्त मधलेच कप्पे रिकामे असतील तर तो नमुना सोडून द्या.

---

गाळसाळ

जपणुकीत कवचं कशी मरतात ते इथेच नोंदवतो.

फॉर्मॅलिन ठेवल्याठेवल्या आम्ल होत जातं. बोरॅक्सने पीएच ८.२ च्या आसपास आणला नाही तर काही आठवड्यांत पोर्सलेनी कवचांची झिलई उडते, भिंत खडूसारखी होते, मग नुसता सेंद्रिय अस्तराचा फुगा उरतो. मोजणारा म्हणतो, 'इथे फक्त अँफिस्टेजिना आहेत.' बाटलीनेच बाकीचे खाल्लेले असतात. जनुकीय काम करायचं असेल तर फॉर्मॅलिन नकोच, इथेनॉल घ्या.

ऊर्ध्वपातित पाण्यात रात्रभर भिजत ठेवू नका. ते कार्बोनेटला उपाशी असतं. मीठ काढण्यापुरतं साध्या, किंचित अल्कधर्मी पाण्याने धुवा. वाळवण ५० अंशांखाली.

काचपट्टीवर लावायला ट्रॅगाकांथ डिंक, बुरशी लागू नये म्हणून त्यात लवंगतेलाचा थेंब. डिंक पातळच हवा, जाड असला की सुकताना आक्रसून नाजूक चकत्या मोडतो. आणि कवचं ओक लाकडाच्या किंवा आम्ल पुठ्ठ्याच्या बंद खणात ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या ॲसिटिक वाफेने कवचांवर पांढरी पूड फुलते. ती बुरशी समजून पुसणाऱ्यांनी खण बदलला नाही तर ती परत येते.

---

उथळपाणी

पाळण्याबद्दल. सगळ्यात मोठी चूक: 'शैवाल आहे ना, मग भरपूर उजेड द्या.' अँफिस्टेजिना निसर्गात दगडांच्या खालच्या अंगाला, आडोशाला बसते. दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर साधारण २००० मायक्रोमोल प्रकाश पडतो (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला). ताटलीत १० ते २० पुरे. १२ तास उजेड, १२ तास अंधार. तापमान २४ ते २६ अंश, क्षारता ३५ च्या आसपास. झाकण हवंच, उथळ ताटलीत बाष्पीभवनाने क्षारता भराभर चढते.

जादा उजेडाने विरंजन होतं, म्हणजे आतल्या शैवालाचा रंग जाऊन फोरॅम पांढरा पडतो. आधी ठिपके, मग पांढरे पट्टे. फ्लॉरिडा कीजमध्ये १९९१ पासून अँफिस्टेजिनात हे दिसू लागलं, आणि अशा फोरॅममध्ये मोडकी, वेडीवाकडी कवचं आणि बिघडलेलं पुनरुत्पादनही सापडलं. प्रवाळाचं विरंजन मुख्यतः उष्णतेचं. यात प्रकाशाचा ताण मोठा, उष्णता त्यात भर घालते. ३२ अंशांच्या आसपास दोन्ही एकत्र आले की नमुने हातचे गेले समजा.

दुसरी चूक पाणी न बदलण्याची. हिशेब करून बघा: १०० मिली समुद्राच्या पाण्यात सुमारे २३० मायक्रोइक्विव्हॅलंट अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता) असते. कवचाचं वजन १ मिलिग्रॅम वाढलं म्हणजे १० मायक्रोमोल कॅल्शियम कार्बोनेट बसलं आणि २० मायक्रोइक्विव्हॅलंट खर्ची पडले. म्हणजे एका मिलिग्रॅममागे जवळजवळ ९ टक्के. बरणीत दहा-पंधरा वाढते नमुने असतील तर वाढ का थांबली याचं उत्तर इथे आहे. आठवड्याला निम्मं पाणी बदला, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलेलं. खत नको, ताटलीवर तंतुमय शैवालाचं जाळं चढलं की फोरॅम त्यात अडकून उपाशी मरतात. खायला थोडे डायटम घाला, नुसत्या प्रकाशावर बहुतेकांचं भागत नाही.

---

खडूची_पूड

सगळं वाचून आनंद झाला. एक जोडायचं राहिलं: समुद्रात इतकं कार्बोनेट बसवतात, म्हणजे हे फोरॅम हवेतला कार्बन शोषून वातावरण वाचवत आहेत. प्रवाळ खडकांवर दरवर्षी अंदाजे ४.३ कोटी टन, खडकांच्या एकूण कार्बोनेटच्या सुमारे ५ टक्के. हा मुद्दा लोकांपुढे यायला हवा.

मॅग्नेशिया

आकडा बरोबर, निष्कर्ष उलटा. दोन बायकार्बोनेटमधलं एक कवचात जातं, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. समुद्राच्या पाण्यात एका रेणूमागे साधारण ०.६ बाहेर पडतो. म्हणजे कवच बांधणं हे थोड्या काळात कार्बन सोडण्याचं काम आहे. शैवाल त्यातला काही वापरतं, ते वेगळं.

आणि कार्बन वाढल्यावर यांचंच काय होतं ते पापुआ न्यू गिनीत समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइड झिरपतो त्या जागी दिसलं आहे. पीएच ७.९ च्या खाली गेला तिथे फोरॅम जवळजवळ नाहीत. 'शैवाल आहे म्हणजे जादा कार्बनवर पोसतील' हा अंदाज तिथे टिकला नाही.

खडूची_पूड

मान्य, मागे घेतो. बदल्यात फोरॅम निर्देशांकाचं गणित देतो, त्यात तरी चुकणार नाही.

पाण्याचा दर्जा प्रवाळवाढीला पूरक आहे का हे वाळूवरून बघायची ही रीत २००३ मध्ये मांडली गेली. सुमारे १ ग्रॅम गाळातून १५० कवचं मोजा. तीन गट: शैवालधारी मोठे, प्रदूषण सोसणारे (अमोनिया, एल्फिडियम वगैरे), बाकीचे लहान. पहिल्याच्या प्रमाणाला १० ने, दुसऱ्याला १ ने, तिसऱ्याला २ ने गुणून बेरीज. समजा ६०, २० आणि ७० निघाले: ४.०० + ०.१३ + ०.९३, म्हणजे ५.०६. चारच्या वर पोषक, दोन ते चार काठावरचं, दोनच्या खाली प्रतिकूल.

यातली खुबी: सहनशील गट नसेल तर फक्त २५ टक्के शैवालधारी असले तरी आकडा बरोबर ४ येतो (२.५ + १.५). म्हणून ४.१ आणि ३.९ मध्ये फार अर्थ शोधू नये. इथे मेलेली कवचं मुद्दाम मोजतात, कारण ती काही वर्षांची सरासरी सांगतात. पण लाटांच्या पट्ट्यात कॅल्करिना ढिगाने साचते आणि आकडा १० कडे धावतो. ते पाण्याचं प्रगतिपुस्तक नव्हे, लाटांचं. झिजलेली, टोकं गेलेली कवचं किती आहेत ते शेजारच्या रकान्यात लिहून ठेवावं.

---

नवखा_नाविक

शेवटचा प्रश्न. एकाच ताटलीत एकाच जातीची दोन मापं दिसतात, काही फारच मोठी. दोन जाती समजायच्या का?

जाळंपाय

नाही, बहुधा दोन पिढ्या. अलैंगिक विभाजनातून आलेल्याचा पहिला कप्पा मोठा असतो आणि पूर्ण कवच लहान राहतं. लैंगिक मीलनातून आलेल्याचा पहिला कप्पा अगदी चिमुकला, पण कवच वाढून मोठं होतं. न्युम्युलाइट्सच्या (नाण्यासारखे चपटे, मोठे फोरॅम) जीवाश्मांत या दोन रूपांना वेगवेगळ्या जातींची नावं देऊन बसण्याचा प्रकार पूर्वी बराच झाला.

विभाजन होताना आईचं सगळं जीवद्रव्य शैवालासकट पिल्लांत वाटलं जातं आणि मागे रिकामं पांढरं कवच उरतं. त्याभोवती शंभरेक तपकिरी ठिपके दिसले तर ताटली हलवू नका आणि पांढरं कवच 'मेलं' म्हणून नोंदवू नका.

गाळसाळ

पहिला कप्पा बघण्यासाठी: काचेरी, चपटं कवच असेल तर ग्लिसरीनच्या थेंबात बुडवून खालून उजेड द्या. जीवाश्म न्युम्युलाइट चिमट्यात धरून ज्योतीवर तापवा आणि थंड पाण्यात टाका, तो मधल्या प्रतलात बिस्किटासारखा दुभंगतो. डोळ्यांना चष्मा लावा, तुकडा उडतो. अँफिस्टेजिनावर हा प्रयोग करू नका, तिचं वेटोळं एका प्रतलात नाही. तुकडे होतात आणि पहिला कप्पा नेमका हरवलेल्या तुकड्यात जातो.